झिजलेल्या कापडांना नावे देणाऱ्या इंदूताई

इंदूताईंची आणि माझी पहिली भेट आमच्या हिमायतनगरच्या इमारतीखाली, एका कबाडीवाल्याच्या हातगाडीपाशी झाली. माझ्या सासूबाईंना जाऊन सतरा दिवस झाले होते. मांडीचे हाड मोडल्यापासून दोन वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या खोलीतले सगळे सामान मी त्या सकाळी खाली आणून टाकले होते. मेणकापड, गरम पाण्याची रबरी पिशवी, तोटीचा प्याला, बेडपॅन, आणि जुन्या सुती साड्या फाडून केलेल्या घड्यांचे दोन मोठे गठ्ठे. कबाडीवाला काय देतो याच्याशी मला देणेघेणे नव्हते. ती खोली मला रिकामी हवी होती, एवढेच.

खालच्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेला भेटून एक बाई तेवढ्यात बाहेर पडत होत्या. उंच, सावळ्या, अंगावर नारायणपेठ साडी आणि खांद्याला कापडी पिशवी. जाता जाता त्या थांबल्या. गाडीवरच्या एका गठ्ठ्यातली घडी त्यांनी बोटांत धरली, उजेडाकडे करून पाहिली आणि कबाडीवाल्याला इकडच्या दखनीत म्हणाल्या, "ठैरो भाई. ये गठडियाँ मेरेकू देव."

"चिंदियाँ हैं अम्मा. क्या करते लेको?"

"मालूम है. देव."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मराठी ना तुम्ही? कुणाचं आहे हे?"

"माझ्या सासूबाईंचं. वारल्या त्या."

"ते कळलं. पण त्यांचं सगळं कोणी केलं?"

तेराव्याला घर भरून माणसे आली होती. त्या कशाने गेल्या, किती वाजता गेल्या, मुले जवळ होती का, शेवटी काही बोलल्या का, हे प्रत्येकाने विचारले होते. हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. "मी," एवढेच मी म्हटले आणि भर रस्त्यात मला रडू फुटले. सासूबाई गेल्या त्या दिवशीही मी रडले नव्हते.

इंदूताईंनी माझी समजूत घातली नाही. मी डोळे पुसले. मग त्यांनी विचारले, "धुणंसुद्धा तुम्हीच?"

"नाही. आमच्याकडे यादम्मा आहे कामाला. ती धुवायची."

"बरं. म्हणजे दोघींची नावं लागतील."

त्या काय म्हणत होत्या ते मला कळले नाही. एक गठ्ठा काखेत, एक हातात घेऊन त्या निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "गौलीगुड्याला या की एकदा. बसस्टँडमागच्या गल्लीत भालकीकरबाई म्हटलं की कोणीही घर दाखवतं."

या गौरवग्रंथाचे बहुतेक वाचक इंदूताईंना चित्रकलेच्या बाई म्हणूनच ओळखतात. गौलीगुड्याच्या आपल्या मराठी शाळेत त्यांनी तीन पिढ्यांना रेघ मारायला शिकवले. आज त्यांची साठी पूर्ण होत असताना त्यांच्या शिकवण्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते माझ्याहून अधिकाराने लिहितील. मी त्यांच्या आयुष्यात उशिरा आले. जे लिहिणार आहे ते मुख्यतः त्यांच्या घराविषयी आहे, आणि ते लिहायला त्यांनी मला परवानगी दिली आहे.

मी गौलीगुड्याला गेले ती महिनाभराने. दार त्यांच्या यजमानांनी, नरहररावांनी उघडले. नरहरराव शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात यंत्राचे सुटे भाग तपासत असत. नवे आर्थिक धोरण आले तसा कारखाना आवळत गेला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद मिळाले. त्या कागदावरची 'स्वेच्छा' कोणाची, असे ते एकदा हसत म्हणाले होते. तेवढे एकदाच. एरवी त्या विषयावर मी त्यांना बोलताना ऐकले नाही.

आतल्या खोलीत खिडकीखाली गादीवर माधव पडला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा. त्या वेळी तो पंचवीस वर्षांचा होता. जन्मतःच मेंदूला इजा झाल्यामुळे त्याला बसता येत नव्हते, आणि बोलता येत होते ते पाचसहा शब्दच. इंदूताई त्याला वरणभात भरवत होत्या. त्यांच्या डाव्या खांद्यावर एक मळकट, काठांना जळलेले फडके होते, आणि माधवच्या आखडलेल्या बोटांनी त्याचे टोक धरले होते.

समोरच्या भिंतीवर तसल्याच फडक्यांची एक मोठी चौकट होती. चुलीवरचे भांडे उतरवायला आपण जे कापड वापरतो, ज्याला आमच्या पुण्यात नुसते फडके म्हणतात आणि इकडे मसोते म्हणतात, तशी चाळीस मसोती. जुन्या साड्यांचे तीन तीन पदर एकावर एक ठेवून, बारीक धावदोरा घालून शिवलेली. कुठे हळदीचे डाग, कुठे पातेल्याच्या काठाची करपलेली कमान, कुठे बोटांनी धरून धरून पडलेले भोक. ती ओळीने, एकमेकांना जराशी टेकवून लावली होती. दुरून पाहिले तर एकाच माणसाचे तळहात मांडून ठेवल्यासारखे वाटत होते. चौकट नरहररावांनी एका मोडलेल्या खिडकीच्या लाकडातून केली होती. खाली देवनागरी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही लिपींत सुरेख अक्षरात एकच शब्द होता. शांता.

"या कोण?" मी विचारले.

"माझी बहीण," इंदूताई म्हणाल्या. माधवचे जेवण त्यांनी आधी संपवले. मग हात धुऊन माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी सगळे सांगितले. आपल्याच गुन्ह्याची हकीकत पुन्हा पुन्हा सांगून पाठ झालेल्या माणसासारख्या त्या बोलत होत्या.

शांताताई त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. माधव वर्षाचा झाला आणि तो इतर मुलांसारखा होणार नाही हे कळले, तेव्हा इंदूताईंची रजा संपली होती. भालकीहून त्यांच्या वडिलांनी धाकट्या मुलीला पाठवून दिले. "दोन महिन्यांसाठी म्हणून आली," इंदूताई म्हणाल्या, "आणि एकवीस वर्षं राहिली. तिचं लग्न करायचं होतं. या उन्हाळ्यात बघू, पुढच्या उन्हाळ्यात बघू, असं म्हणत राहिलो आम्ही. मी शाळेत जात होते. शाळेतून आले की चित्रं काढत होते. माझी चित्रं पेपरात छापून येत होती. लोक म्हणायचे, इतकं सांभाळून बाई चित्रं काढतात! मी काय सांभाळत होते? सांभाळत शांता होती. मी ऐकून घेत होते."

शांताताईंच्या पोटात गाठ होती. केव्हापासून दुखत होते ते त्यांनी कोणाला सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. एके दिवशी माधवला आंघोळ घालताना त्या तिथेच बसल्या. चार दिवसांत, दवाखान्यात, गेल्या. चाळीस वर्षांच्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात? मी खाली बघितलं. दुसरं काय करणार?" इंदूताई म्हणाल्या. "पेपरात द्यायला तिचा फोटो शोधला. सापडला नाही. माझ्या सत्काराच्या एका फोटोत कडेला अर्धी दिसायली होती, पदराखाली माधवचं औषध धरून. तिच्या पेटीत तीन साड्या निघाल्या, त्या पण माझ्याच जुन्या. तिचं म्हणून घरात काहीच नव्हतं. नंतर लक्षात आलं की मसोती आहेत. तिनं शिवलेली. घरभर होती."

माधवने तीन दिवस अन्नाला तोंड लावले नव्हते. त्याला फक्त शांताताईंचा हात ठाऊक होता. त्यांना तो 'ताता' म्हणत असे. आईला मात्र तो 'बाई' म्हणे, कारण घरी येणारे-जाणारे सगळे विद्यार्थी त्यांना बाईच म्हणत. इंदूताईंनी घास पुढे केला की तो मान फिरवी. तिसऱ्या दिवशी भाताचे पातेले उतरवून त्या तशाच घाईने त्याच्याजवळ आल्या आणि हातातले मसोते ठेवायचे राहून गेले. माधवने ते ओढून घेतले, गालाला लावले, आणि तोंड उघडले.

"तेव्हापासून खांद्यावर ठेवते," त्या म्हणाल्या. "मी भरवायले असं त्याला वाटत नसेल. वाटू नये."

त्या दिवशी मीही माझे सांगून टाकले. एका दुपारी सासूबाईंनी तीनदा अंथरूण ओले केले. तिसऱ्यांदा मी त्यांच्यावर ओरडले, त्यांचा दंड धरून हलवला, आणि त्यांना तशाच ओल्यात ठेवून तासभर गॅलरीत जाऊन बसले. त्या आतून मला हाका मारत होत्या. पहिल्यांदा नावाने मारत होत्या, मग 'अहो बाई' म्हणून, अनोळखी माणसाला मारावी तशी. माझ्या नवऱ्यालाही मी हे सांगितले नव्हते. बँकेतली नोकरी सोडून, नवऱ्याच्या संगणकाच्या नोकरीपायी मी पुण्याहून या तेलुगू मुलखातल्या शहरात आले होते, आणि त्याचा सगळा राग मी त्या दुबळ्या म्हातारीवर काढला होता.

इंदूताई म्हणाल्या, "तू तासभर गॅलरीत बसलीस. मी एकवीस वर्षं बसले होते."

त्या वाक्याने माझा अपराध लहान झाला नाही. तो बोलता येतो, एवढे मात्र मला त्या दिवशी कळले. त्या क्षणापासून त्या मला 'तू' म्हणू लागल्या.

शांताताईंच्या चौकटीनंतर इंदूताईंनी दुसरी कसलीच चित्रे काढली नाहीत. रंगपेट्या त्यांनी विद्यार्थ्यांना वाटून टाकल्या. त्या वर्षांत शहरातल्या घराघरांत नव्या वस्तू येत होत्या. रंगीत टीव्ही, धुण्याचे यंत्र, वापरून फेकून द्यायचे लंगोट, खोकीच्या खोकी. आणि जुने सगळे जिन्याखाली, गाडीवर, कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर जात होते. इंदूताई ते मागून आणत. मात्र त्यांची एक अट असे. ती वस्तू कोणाचे करता करता झिजली आणि करणारे कोण, हे देणाऱ्याने सांगायचे. पाण्याच्या पिशव्या, पाटा-वरवंट्यातला झिजून पातळ झालेला वरवंटा, औषधी गोळ्यांच्या रिकाम्या चंदेरी पट्ट्या, दुपट्यांचे तुकडे, टवके उडालेला थर्मास. चौकटीखाली नाव लागे ते आजारी माणसाचे नव्हे, त्याचे करणाऱ्याचे. पुष्कळ देणाऱ्यांना ते नाव आठवायला वेळ लागे. काही जण म्हणत, "तसं कोणी नाही, घरातल्याच बाया करायच्या." इंदूताई म्हणत, "मग घरी जाऊन विचारून या." वस्तू ठेवून घेत नसत.

आमच्या गठ्ठ्यांचे काम त्यांनी तारनाक्याच्या एका सभागृहातल्या प्रदर्शनात प्रथम लावले. धुऊन धुऊन आरपार दिसू लागलेल्या त्या घड्या त्यांनी एकीमागे एक, खिडकीसमोर टांगल्या होत्या. उजेड पहिल्या कापडातून शेवटच्यापर्यंत झिरपत येत होता आणि येता येता मंद होत होता. मी दारातच थांबले. मी त्यांना आधीच सांगितले होते की माझे नाव लावू नका, मी त्या लायकीची नाही.

"जवळ ये," त्या म्हणाल्या. मधल्या ओळीत एक कापड नीट घडी न घातलेले, चोळामोळा केलेले, तसेच वाळू दिलेले होते. "हे त्या दुपारचं. दोन वर्षं केलंस ते खरं आहे, आणि ती दुपार पण खरी आहे. एक लावायचं आणि एक लपवायचं, असं मला जमत नाही."

मी यादम्माला बरोबर नेले होते. यादम्माला लिहिता-वाचता येत नाही. इंदूताईंनी तिचा हात धरून तिला पाटीजवळ नेले, 'अनुराधा' या माझ्या नावाशेजारच्या तेलुगू अक्षरांखालून तिचे बोट फिरवले आणि वाचून दाखवले, "या-द-म्मा."

"ना पेरा?" यादम्माने विचारले. माझे नाव?

"हौ. तुम्हारा च."

यादम्मा त्या अक्षरांजवळ वाकली. मग पदराच्या टोकाने तिने पाटीवरची, तिथे नसलेली धूळ पुसली. आमच्याकडे ती दोन वर्षे ते कपडे धूत होती, आणि त्या काळात मी तिला एकदाही विचारले नव्हते की तुला किळस येते का, तुझे हात सोलवटतात का.

या कामाला पुढे थोडे नाव मिळाले. माझे यजमान ज्या कंपनीत आहेत तिचे काचेचे नवे कार्यालय शहराच्या पश्चिमेला उभे राहत होते. तिथल्या स्वागतकक्षासाठी 'शांता' ही चौकट घ्यावी असे कोणीतरी सुचवले. मुंबईचा एक तरुण अधिकारी गौलीगुड्याला आला. तो नम्र होता, आणि त्याला काम मनापासून आवडले होते.

"बाई, फार सुंदर आहे हे," तो म्हणाला. "फक्त खालचं नाव नको. परदेशातले लोक येणार. शांता कोण, त्यांना काय कळणार? आपण नुसतं 'ऊब' म्हणू या."

"शांता कोण ते तुम्हाला तरी कुठं कळलंय?" इंदूताई म्हणाल्या. "बसा, सांगते."

त्याने घड्याळाकडे पाहिले. "पुढच्या वेळी नक्की, बाई."

"मग राहू द्या. नाव काढलं तर ही नुसती मसोती उरतात. ती तुमच्या कँटीनमध्ये पण असतील की. तीच लावा."

हे त्या हसत म्हणाल्या, पण चौकट दिली नाही. त्यांना गरज नव्हती असे नाही. इंग्रजी शाळांच्या ओढीने आपल्या शाळेतले वर्ग ओस पडत चालले होते आणि पगार वेळेवर होत नव्हते. माझे यजमान आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मलाही तेव्हा इंदूताई हट्टी वाटल्या होत्या. त्या हट्टी आहेतच. पण शांताताईंचे नाव एकदा त्यांच्या हयातीत पुसले गेले होते. ते दुसऱ्यांदा आपल्या हाताने पुसायचे नाही, हे त्यांच्यासाठी इतके सरळ होते की त्यावर चर्चा करण्यासारखे त्यांना काही दिसत नव्हते.

मला शाळेत आणले त्यांनीच. "बँकेत होतीस ना, मग गणित शिकव," म्हणाल्या. त्यामुळे पुढची काही वर्षे मला त्यांचा वर्ग शेजारून ऐकायला मिळाला. टाकाऊ वस्तू घेऊन या, असे त्या मुलांना सांगत. एकदा सहावीतल्या एका मुलीने झिजून वीतभर उरलेला झाडू आणला. वर्ग हसला. ती मुलगी इतके दिवस आपली आई नर्स आहे असे सगळ्यांना सांगत असे. इंदूताईंनी विचारले तेव्हा मान खाली घालून तिने खरे सांगितले. आई दवाखान्यात आया आहे, हा झाडू तिचा आहे. दोन्ही हातांत धरून त्यांनी तो झाडू फळ्याच्या वर, जिथे थोरामोठ्यांच्या तसबिरी लावतात तिथे लावला. वर्ष संपेपर्यंत तो तिथेच होता. ती मुलगी आज स्वतः नर्सिंग शिकते आहे. या ग्रंथात तिचाही लेख आहे असे संपादकांकडून कळले.

माधव गेला तो थंडीच्या दिवसांत. छातीत कफ झाला होता. सकाळी सातच्या सुमारास नरहररावांचा फोन आला आणि मी पोहोचले तेव्हा इंदूताई त्याचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर येऊन गेले होते. खांद्यावर मसोते होते. नरहरराव भिंतीशी उभे राहून म्हणत होते, "आता उचलू दे. इंदू, उचलू दे त्याला." आठ वर्षे माधवला आंघोळीला उचलून नेणारे तेच होते.

त्यानंतर वर्षभर इंदूताईंनी कशालाही हात लावला नाही. शाळेत येत, शिकवत, घरी जात. लोक दारात गठ्ठे ठेवून जात ते नरहरराव माधवच्या खोलीत रचून ठेवत. त्या खोलीत इंदूताई जात नसत. माधवचे शेवटच्या आजारातले कपडे आणि चादरी एका बादलीत तशाच होत्या, आणि त्या कोणाला धुऊ देत नव्हत्या. मी दोनदा विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

एका रविवारी यादम्मा माझ्याबरोबर आली. तिने बादली पाहिली आणि सरळ इंदूताईंसमोर जाऊन बसली. "कित्ते दिन रखते अम्मा? कपडा सड जाता."

"रहने दे यादम्मा."

"मेरा बच्चा गया, मैं भी नै धोई. चार महिना नै धोई. फिर सास धोई, मैं उसको मारने गई." यादम्माला एक मुलगा होता आणि तो तिसऱ्या वर्षी गेला, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. ती आमच्याकडे आठ वर्षे काम करत होती. "चलो. तुम च धोव. मैं पानी डालती."

इंदूताई उठल्या. मोरीत त्या दोघी समोरासमोर बसल्या. इंदूताई घासत होत्या, यादम्मा पाणी ओतत होती. पहिली चादर पिळताना इंदूताईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरू शकत नाही. वर्षभर त्या रडल्या नव्हत्या. यादम्माने पाणी ओतणे थांबवले नाही. सगळे कपडे धुऊन होईपर्यंत ते रडणे चालू होते, आणि मग दोरीवर कपडे घालताना ते थांबले.

त्या चादरींतून त्यांनी पुढच्या काही महिन्यांत जे काम केले ते आजवरचे त्यांचे शेवटचे मोठे काम आहे. एक चादर, मध्ये माणूस झोपून झोपून विरलेली, आणि त्या विरलेल्या जागेला मागून दुसरे कापड लावून, दिसेल न दिसेल अशा टाक्यांनी रफू केलेली. आम्हा सगळ्यांना वाटले की खाली इंदूताईंचे स्वतःचे नाव येणार, निदान नरहररावांचे. पाटीवर नाव होते, माधव.

मी म्हटले, "पण ताई, नाव तर करणाऱ्याचं असतं ना?"

"मग?" त्या म्हणाल्या. "शांता गेल्यावर मला कोणी सांभाळलं? मला काही येत नव्हतं. कुशीवर कसं वळवायचं, घास केवढा करायचा, काही म्हणता काही नाही. मी चुकले की तो थांबायचा. परत तोंड उघडायचा. आठ वर्षं रोज त्यानं मला परत करू दिलं. सांभाळणं म्हणजे दुसरं काय असतं, सांग."



आज इंदूताईंच्या बोटांचे सांधे सुजतात. सुई फार वेळ धरता येत नाही. आपली शाळा या वर्षी दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि मराठीचा शेवटचा वर्ग उठला, त्या दिवशी त्या रिकाम्या वर्गात पुष्कळ वेळ बसून होत्या. तरी दर शनिवारी पाचसहा बायका त्यांच्याकडे जमतात. घरी कोणाची तरी उस्तवार करता करता थकलेल्या. तेलुगू, मराठी, दखनी, ज्या भाषेत येईल त्या भाषेत बोलतात, हातांनी काही शिवतात, आणि दोन तास घरी दुसरे कोणीतरी पाहत असते. ते दुसरे कोण पाहील याची व्यवस्था करायची जबाबदारी नरहररावांनी घेतली आहे. बहुतेक वेळा ते स्वतःच जातात.

हा लेख मी छापायला देण्याआधी इंदूताईंना वाचून दाखवला. सत्कार नको, शाल नको, असे त्या पुष्कळदा म्हणाल्या होत्या. शेवटी विद्यार्थ्यांसाठी त्या राजी झाल्या. लेख त्यांनी डोळे मिटून ऐकला. मी एक वाक्य लिहिले होते की या कामामुळे त्यांच्या मनावरचे ओझे उतरले.

"ते वाक्य काढ," त्या म्हणाल्या. "उतरलं नाही ते. उतरू पण नये."

मी ते वाक्य काढले आहे. त्यामुळे त्यांचे दुःख हलके होवो, अशी शुभेच्छा मी त्यांना देणार नाही. त्यांना ती नको आहे. मी एवढेच मागते की इंदूताईंना आणि नरहररावांना उदंड आयुष्य लाभो आणि ते दोघांनी मिळून घालवावे. त्यांच्या बोटांची सूज ओसरावी, खिडकीतला उजेड त्यांच्या डोळ्यांना पुरावा, रात्रीची झोप सलग लागावी. आणि सकाळी त्यांच्या आधी उठून कोणीतरी चहा करावा, तो त्यांच्या हातात आणून द्यावा, कोणासाठीही मध्येच उठून जावे न लागता त्यांनी तो बसून, गरम असतानाच प्यावा.